पेटी बदलली, निवड कोण करणार?

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडलेली केबलची तार ही गेल्या तीन दशकांत नळ आणि वीज यांच्याइतकीच गृहीत धरली गेली. नळाला येणाऱ्या पाण्याची चौकशी आपण निदान ते गढूळ आले म्हणजे तरी करतो. तारेतून घरात काय येते, ते कोणी ठरविले आणि त्याचे मोल कोणी लावले, याची चौकशी मात्र बहुसंख्य घरांत झालीच नाही. २०१२ ते २०१७ या काळात देशातील केबल व्यवस्था ॲनालॉगकडून डिजिटलकडे वळली, तेव्हा या अनास्थेवर उपाय होईल अशी अपेक्षा होती. कायद्याने ग्राहकाच्या हाती निवडीचा अधिकार दिला. तो अधिकार घरोघरी वापरला गेला का, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर फारसे समाधानकारक नाही.

जुन्या तारेची व्यवस्था

१९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांतील गच्च्यांवर तबकड्या उभ्या राहिल्या आणि झाडांवरून, विजेच्या खांबांवरून तारा घरांत शिरल्या. हा व्यवसाय उभा केला तो गल्लीतल्याच तरुणांनी. कोणतीही सरकारी योजना नसताना, पदरचे भांडवल घालून त्यांनी हे जाळे विणले. त्याला नियमांची चौकट देणारा केबल टेलिव्हिजन कायदा आला तो १९९५ साली, म्हणजे तारा घरात पोहोचून काही वर्षे उलटल्यावर.

या ॲनालॉग व्यवस्थेची एक तांत्रिक मर्यादा होती आणि पुढचे सारे अनर्थ तिच्यातूनच उद्भवले. एका वाहिनीला तारेतील एक संपूर्ण जागा लागत असे. अशा जागा फार तर शंभराच्या घरात. वाहिन्यांची संख्या मात्र काही शेकड्यांवर गेली. जागा थोडी आणि उमेदवार फार, अशी स्थिती झाली म्हणजे जागेला भाव येतो. वाहिन्या आपले चित्र घरात पोहोचावे म्हणून वितरकांना पैसे मोजू लागल्या. ज्याची थैली मोठी, त्याला पहिल्या वीस-पंचवीस क्रमांकांत स्वच्छ दिसणारी जागा. ज्याची थैली लहान, त्याला शेवटच्या क्रमांकावरचे मुंग्यामुंग्यांचे चित्र. १९९९ आणि २००० साली मराठीत अनुक्रमे 'अल्फा' आणि 'ई टीव्ही' या पूर्ण वेळ मनोरंजन वाहिन्या आल्या, त्यांच्यामागे मोठे उद्योगसमूह होते. पण एखाद्या छोट्या प्रादेशिक, शैक्षणिक वा भक्तिपर वाहिनीला या बाजारात उभे राहणे दुरापास्त होते. प्रेक्षकाला काय हवे, हा प्रश्न या व्यवहारात कोठेच उपस्थित होत नव्हता.

दुसरा दोष हिशेबाचा. ॲनालॉग तारेतून जाणारा संदेश खुला असल्याने किती घरे जोडली आहेत, याची मोजदाद वरच्या कोणालाही करता येत नसे. केबलचालक सांगेल तो आकडा. त्यामुळे प्रत्यक्ष जोडण्या आणि कागदावरच्या जोडण्या यांत मोठी तफावत राहिली. वाहिनीचालकांचे शुल्क बुडाले आणि शासनाचा करमणूक करही बुडाला. ग्राहकाला पावती मिळत नव्हती. पावती नसल्याने तक्रारीलाही आधार नव्हता.

तथापि या केबलचालकाला खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. पावसात तार तुटली तर रात्री शिडी घेऊन येणारा तोच होता. एखाद्या घरी अडचण असेल तर 'काका, पुढच्या महिन्यात द्या' म्हणणाराही तोच. दोष व्यवस्थेचा होता आणि व्यवस्था बदलणे आवश्यकच होते.

कॅसपासून डिजिटलपर्यंत

पहिला प्रयत्न 'कॅस' या नावाने झाला. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चेन्नईत ती २००३ मध्ये अमलात आली. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता यांच्या काही भागांत मात्र न्यायालयाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ पासून तिची सुरुवात झाली. निःशुल्क वाहिन्यांच्या संचाला कमाल ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला कमाल ५ रुपये, असा साधा आणि स्वच्छ हिशेब दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, लावून दिला होता. दक्षिण मुंबईतल्या गृहस्थाला आपले देयक स्वतः बोटांवर मोजता येत होते. पण ही सोय महानगरांच्या मोजक्या भागांपुरती राहिली आणि उर्वरित देश जुन्याच तारेवर चालला.

त्यानंतर २०११ साली संसदेने कायद्यात पुन्हा दुरुस्ती करून डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे केले. चार टप्पे ठरले. मुदती अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या, पण चक्र थांबले नाही. महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, तर पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही तारीख ठरली. उर्वरित नागरी भागासाठी २०१५ ची अखेर आणि ग्रामीण भागासाठी सरतेशेवटी ३१ मार्च २०१७ ही मुदत राहिली. एवढ्या विस्ताराच्या देशात काही वर्षांत झालेले हे स्थित्यंतर लहान नव्हे.

घरात काय पालटले? आठवून पाहावे. दूरचित्रवाणी संचाशेजारी एक पेटी आली. एकाचे दोन रिमोट झाले. बोटाला सवयीचा झालेला 'सह्याद्री'चा क्रमांक तीन आकडी झाला आणि घरातील आजी-आजोबांना काही आठवडे नातवंडांचा आधार घ्यावा लागला. पूर्वी एकाच तारेला फाटा काढून आतल्या खोलीतला दुसरा संच चालत असे. आता त्याला स्वतंत्र पेटी घ्यावी लागली. पेट्या बहुतांशी परदेशातून, विशेषतः चीनमधून आल्या. देशी उत्पादनाला अवकाश मिळावा म्हणून २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यावरील आयात शुल्क पाच टक्क्यांवरून दहा टक्के करण्यात आले. पण ज्या वेळी ते झाले, त्या वेळी महानगरांतील पेट्या बसूनही गेल्या होत्या. सक्तीचा कायदा आधी आणि स्वदेशी उत्पादनाची तयारी नंतर, हा क्रम उलटा होता.

लाभही निःसंशय झाला. जेथे एक वाहिनी मावत होती, तेथे दहा-बारा मावू लागल्या. चित्रातल्या मुंग्या आणि सावल्या गेल्या. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक असल्याने जोडण्यांचा हिशेब लागू लागला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या घरात कोणती वाहिनी उघडावी आणि कोणती बंद ठेवावी, हे प्रथमच घरागणिक ठरविता येऊ लागले. ॲनालॉग तार सर्वांच्या ताटात एकच पदार्थ वाढत होती. डिजिटल तारेने प्रत्येक घराला आपले ताट आपण वाढून घेण्याची सोय दिली. या स्थित्यंतराचे सारे मर्म येथे आहे.

गुच्छाचा मोह

ही सोय ग्राहकाच्या हाती पोहोचायला आणखी दोन वर्षे गेली. 'ट्राय'ने २०१७ साली काढलेला दर-आदेश न्यायालयीन वादांतून पार पडून १ फेब्रुवारी २०१९ पासून घरोघरी लागू झाला. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे शुल्क कमाल १३० रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे जाहीर केलेले दर वेगळे. प्रत्येक वाहिनी सुटी मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. प्रत्येक वाहिनीची किंमत पडद्यावर दाखविणे बंधनकारक झाले.

मग घडले काय? निवड करण्याची मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवावी लागली. ज्यांनी निवड केलीच नाही, त्यांच्यासाठी वितरकांनीच 'योग्य वाटेल असा' संच लावून द्यावा, असा मार्ग काढावा लागला. म्हणजे अधिकार ज्याच्यासाठी मिळविला, तो अनेक घरांत मालकच अनुपस्थित होता.

दोष केवळ आळसाचा नव्हता. वाहिनीसमूहांनी अशी मांडणी केली की, चार आवडत्या वाहिन्या सुट्या घ्याव्यात तर जेवढे पैसे पडतील, तेवढ्यात किंवा त्याहून कमी पैशांत वीस-पंचवीस वाहिन्यांचा गुच्छ मिळावा. सुट्या वाहिनीचा दर मुद्दाम चढा ठेवायचा आणि गुच्छावर भरघोस सवलत द्यायची. काही गुच्छांवरील सवलत सत्तर टक्क्यांपर्यंत जात असल्याचे खुद्द 'ट्राय'नेच २०१९ मध्ये नमूद केले. अशा हिशेबात गुच्छ स्वस्त दिसतो. पण ज्या वाहिन्या आपण कधी लावणारच नाही, त्या फुकटही महाग असतात, कारण त्यांच्यासह नको ते घरात येते आणि हवे ते त्या गर्दीत हरवते.

त्यानंतरचा काळ नियामक आणि वाहिनीसमूह यांच्यातील रस्सीखेचीचा. १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने गुच्छात घालता येणाऱ्या वाहिनीच्या दराची मर्यादा १९ रुपयांवरून १२ रुपयांवर आणली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत ही मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली आणि गुच्छावरील सवलतीला ४५ टक्क्यांची मर्यादा आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांच्या वादातून काही दिवस प्रमुख वाहिन्या अनेक केबल घरांतून नाहीशाही झाल्या. पुढे २०२४ मध्ये जाळ्याच्या शुल्कावरील कमाल मर्यादाच उठविण्यात आली. या सर्व घडामोडींत वाहिनीसमूह बोलले, वितरक बोलले, वकील बोलले. ज्याच्या खिशातून पैसा जातो आणि ज्याच्या घरात मुले वाढतात, तो गृहस्थ मात्र अबोल राहिला.

तीच गत गल्लीतल्या केबलचालकाची. मोठ्या वितरकांच्या जाळ्यात तो केवळ वसुली करणारा हस्तक उरला. पारदर्शक हिशेब हवाच होता. पण पारदर्शकतेच्या नावाने छोटा स्वयंरोजगार मोठ्या भांडवलाच्या अंकित व्हावा, हे कोणाही विचारी माणसाला रुचणारे नाही. २०२० साली 'ट्राय'ने एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीकडे चालावी, अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात उतरली असती, तर ग्राहकाला पेटी न टाकता सेवा बदलता आली असती आणि चांगली सेवा देणाऱ्या स्थानिक चालकाचे मोलही वाढले असते. घरोघरी मात्र पेटी ज्याची त्याचीच राहिली.

घराने काय करावे?

शासनाने काय करावे, यावर पुष्कळ लिहिता येईल. पण बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकाने आधी स्वतः जागे व्हावे, हाच त्या कार्याचा गाभा होता. कायदा संरक्षण देऊ शकतो. जागृती देऊ शकत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करावी. एखाद्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कोणत्या वाहिन्या पाहिल्या, याची यादी कागदावर करावी. आजोबांना कीर्तन हवे असेल, गृहिणीला एखादी मालिका, मुलांना क्रीडा किंवा विज्ञान. सर्वांचे मागणे ऐकून घ्यावे आणि त्यातून घराची यादी ठरावी. बहुतेक घरांत ती पंधरा-वीस वाहिन्यांपलीकडे जात नाही. नंतर देयक हातात घेऊन आपण कशाचे पैसे देतो, ते पाहावे. यादी आणि देयक यांत जेवढे अंतर, तेवढी आपली अनास्था. केबलचालकाला लेखी यादी द्यावी, पावती मागावी. सुट्या वाहिन्यांचा आणि गुच्छाचा हिशेब समोरासमोर मांडावा आणि गुच्छ खरोखरच फायद्याचा असेल, तर तो डोळसपणे घ्यावा. पेटीत मुलांसाठी कुलूप लावण्याची सोय असते, ती वापरावी. ज्यांचे दूरदर्शन आणि निःशुल्क वाहिन्यांवर भागते, त्यांच्यासाठी प्रसार भारतीची मासिक शुल्क नसलेली तबकडी २००४ पासून उपलब्ध आहे, हेही ध्यानी घ्यावे.

कोणी म्हणेल, आता केबलचा काळ सरला, सारे काही भ्रमणध्वनीवर आले, मग ही चर्चा कशासाठी? नेमकी त्यासाठीच. आंतरजालावरच्या सेवाही आज गुच्छ बांधूनच विकल्या जात आहेत आणि पुढे काय पाहावे, हे तेथे गणिती यंत्रणा सुचविते. गल्लीतल्या केबलचालकाला निदान दारात उभे करून जाब विचारता येत होता. या यंत्रणेला दारही नाही आणि चेहराही नाही. ज्या घराने पंधरा-वीस वाहिन्यांची यादी एकत्र बसून केली, त्या घराला या नव्या महापुरातही काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरविता येईल. ज्या घराने ती सवयच लावून घेतली नाही, त्याच्या हाती कितीही आधुनिक यंत्र आले तरी निवड दुसराच कोणी करणार.

उंबरठ्याच्या आत कोणाला घ्यावे, हे ठरविण्याचा मान आपल्याकडे घराचा असतो. येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत आपण तो कसोशीने पाळतो. रोज सायंकाळी काही तास घरात वस्तीला येणाऱ्या या पाहुण्याच्या बाबतीत तो का सोडावा? पेटी बदलली, तार बदलली, दर बदलले. आता यादीचा कागद घेऊन घराने बसायचे आहे.