ग्रंथालयाचा कोर्स करायचाय? आधी हिशोब मांडा

मैत्रिणींनो, परवा बचत गटाची बैठक आटोपली आणि एका मैत्रिणीने लेकीचा विषय काढला. पोरगी बी.ए. झाली, स्थळं येताहेत, पण तिला ग्रंथालयाचा कोर्स करायचाय. आई म्हणाली, "ताई, पुस्तकं लावायलाबी शिकावं लागते का? अन् शिकली तं नोकरी भेटते का?"

पहिल्याचे उत्तर सोपे. शिकावे लागते. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत क्रमांक, मग विषयानुसार वर्गीकरण, तालिका, देवघेव, वर्षाअखेर मोजणी. आता हेच काम 'ई-ग्रंथालय', 'कोहा' अशा संगणक प्रणालींवर होते. आपण घरात डबे लावतो ते आपल्यालाच सापडावेत म्हणून. इथे अनोळखी माणसाला दोन मिनिटांत सापडले पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी थांबले. कारण एका गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे होते. तिथल्या बाईंच्या पगाराच्या पावतीवर सही करताना हात अडखळायचा. तेवढ्यात त्यांचा किराणाही भागत नसे.

असे का होते? १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार सरकार वाचनालयाला मान्यता आणि अनुदान देते, पण चालवते ती गावातली संस्था. म्हणजे तिथला कर्मचारी सरकारी नोकर नव्हे. अनुदान वर्गाप्रमाणे, अ, ब, क, ड. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. निम्मे पगाराला धरले तर २४ हजार. महिन्याला किती? दोन हजार! अनुदान पुढे वाढले तरी हिशोब असाच मांडायचा.

मग कोर्स करूच नये का? तसे नाही. पायऱ्या ओळखाव्यात. जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालणारा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग ही पहिली पायरी; गावच्या वाचनालयासाठी ती उपयोगी. पदवीनंतर एक वर्षाची बी.लिब. केली की शाळा, मोठी वाचनालये, महाविद्यालयांतली साहाय्यक पदे यांसाठी अर्ज करता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळूनही ही पदवी घेता येते. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट हवी. त्या पदाला प्राध्यापकांसारखी वेतनश्रेणी आहे. पण जागा थोड्या आणि भरती रखडत चालणारी, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे खामगाव, मलकापूर, चिखलीसारख्या गावांत स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना अभ्यासाला जागा आणि नेमके पुस्तक हवे असते. ते देणारी जाणती व्यक्ती गावाला हवीच आहे. हवी असूनही तिला पुरेसा पगार नाही, हे दुखणे मुलींचे नाही, धोरणाचे आहे. ग्रामसभेत, आमदारांपुढे आपण रस्त्याचे बोलतो, नळाचे बोलतो; वाचनालयातल्या बाईंच्या पगाराचे कोण बोलणार?

त्या मैत्रिणीला मी एवढेच सांगितले, "पोरीला शिकू द्या, पण प्रमाणपत्रावर थांबवू नका. बी.लिब. करू द्या, संगणक शिकू द्या. अन् फी भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता स्वतः तपासा."

ती म्हणाली, "अन् स्थळं?"

म्हटलं, "एक वर्ष थांबतील की!"