तबकडीतला मुलगा
इ. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ सालची, घरोघरी रेडिओही नव्हता तेव्हाची. कथेत माणसं जमिनीखाली, प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा. बटण दाबलं की जेवण, अंघोळ, संगीत सगळं यंत्र हजर करतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा कुनो आईला, वाश्तीला, विनवतो: यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेटायला ये. नाइलाजानं ती विमानात बसते. वाटेत तिचा तोल जातो, सेविका सावरायला हात पुढे करते, तर ही तिच्यावरच खेकसते! यंत्र बंद पडून जग कोसळतं ते फार पुढे. मला हादरवतो तो हा झिडकारलेला हात. स्पर्शाचा हा विटाळ कुठल्या फर्मानानं आलेला नाही. यंत्रामुळे गरज उरली नाही, म्हणून सवय मोडली, इतकंच. परगावच्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आईनं कथेची सुरुवात वाचावी. हातातल्या निळसर तबकडीत वाश्तीला कुनो उदास वाटतो. पण खात्री करता येत नाही, कारण चेहऱ्यावरचे बारीक भाव यंत्र पोचवतच नाही.