बॅटरीला शेकोटी नको!

आपले नागपूर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पण २०१८ च्या डिसेंबरअखेरीस येथे पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा गारठ्यातही पहाटे मैदानावर छोटी विमाने आणि ड्रोन उडवणारी हौशी मुले मी पाहतो.

गेल्या हिवाळ्यात एका मुलाचे विमान माझ्यासमोर कोसळले. त्याची लिथियम पॉलिमर बॅटरी रात्रभर गच्चीवर राहिली होती. मीटरवर ती पूर्ण भरलेली दिसत होती. तरी मिनिटभरातच मोटर मंदावली. "सर, जरा शेकून आणतो," म्हणत तो चहाच्या टपरीवरील शेगडीकडे धावला. मी त्याला अडवले. विमान पडल्याचे मला विशेष वाटले नाही. भय वाटले ते त्या शेगडीचे.

मीटर खोटे बोलला का? नाही. थंडीत बॅटरीतील द्रव दाटसर होतो, आयन सावकाश सरकतात आणि अंतर्गत रोध वाढतो. समजा, तीन घटांची १२.६ व्होल्टची बॅटरी आहे, तिचा रोध ०.०३ ओहम आहे आणि मोटर २० ॲम्पिअर प्रवाह घेते. मग ०.६ व्होल्ट आतच खर्च होतात. रोध तिप्पट झाला तर १.८! मोटर बंद असताना प्रवाहच नसतो, म्हणून ही घट मीटरवर दिसत नाही. बॅटरी रिकामी नसते, ती गारठलेली असते.

मग शेकल्याने काय बिघडते? या घटांना धातूचा डबा नसतो, पातळ आवरण असते. आतील दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा नाजूक पडदा असतो. अति उष्णतेने तो आकसला की ध्रुव एकमेकांना भिडतात, आतला द्रव पेट घेतो आणि विषारी धूर निघतो.

उपाय साधा आहे. बॅटरी रात्री घरात ठेवा आणि मैदानावर लोकरी कापडात गुंडाळून न्या. लोकर उष्णता देत नाही, असलेली राखते. गार बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्ज करा. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात ऋण ध्रुवावर साचते आणि घट कायमचा बिघडतो. चार्जिंग उघड्या फरशीवर, मोठ्यांच्या देखत करा. गादीवर कधीही नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

काही पालक व शिक्षक म्हणतात, "हा छंदच बंद करा." मला ते पटत नाही. बंदी घातली की मुले लपून चार्ज करतात, आणि धोका तेथेच वाढतो. शिक्षकांनो, ओहमचा नियम शिकवताना ही बॅटरी वर्गात आणा. पहाटे आणि दुपारी, मोटर चालू असताना तिचे व्होल्टेज मुलांनाच मोजू द्या. ज्याने ही घट स्वतः मोजली, तो बॅटरी घेऊन शेगडीकडे धावणार नाही.