एकच काठी घ्यायची तर

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या परवानगीने त्यातील मजकूर थोडक्यात देतो. त्या लिहितात, "यजमानांना जाऊन दोन वर्षे होतील. निवृत्त झाल्यावर मुलाला बरोबर घेऊन हिमाचलातील तीर्थन नदीवर जायचे आणि ट्राउट मासा धरायचा, असे ते नोकरीच्या अखेरच्या दहा वर्षांत दर उन्हाळ्यात म्हणत. ते राहूनच गेले. आता मुलगा येत्या एप्रिलमध्ये एकटा निघाला आहे. काठी मी घेऊन द्यावी असे मनात आहे. पण यादीत इतके प्रकार दिसतात की मती गुंग होते. ऐपत एकाच काठीची आहे. घरात आजेसासऱ्यांची एक जुनी बांबूची काठी आहे. संस्थानी काळात एका इंग्रज अभियंत्याने निरोप घेताना ती त्यांना दिली होती. मुलगा म्हणतो, तीच नेतो. काय करावे?"

पत्र वाचून मला माझीच पहिली काठी आठवली. एका मोठ्या शहरातील दुकानदाराने "मोठा मासा लागला तर पंचाईत नको," असे म्हणून माझ्या हाती आठ क्रमांकाची भक्कम काठी दिली होती. ती घेऊन मी कुलूच्या बाजूस एका ओढ्यावर तीन दिवस उभा होतो. दर फेकीला दोरी पाण्यावर चाबकासारखी आपटे आणि खडकांच्या सावलीतले मासे क्षणात नाहीसे होत. तिसऱ्या दिवशी खांदा भरून आला, पिशवी रिकामीच राहिली. मोठा मासा लागला असता तर काय झाले असते, हे कळण्याची वेळच आली नाही. कारण लहानही लागला नाही. चूक केवळ दुकानदाराची नव्हती. आपण कोठे आणि कशासाठी जाणार, हे मीच त्याला सांगितले नव्हते.

तेव्हा आधी मुळाशी जाऊ. आपल्या नदीकाठी गळ टाकणारा मनुष्य आमिषाच्या आणि शिशाच्या वजनावर गळ दूर फेकतो. तंगूस त्या वजनामागून ओढला जातो. ट्राउटच्या शिकारीत आमिष म्हणजे पिसे आणि धागा गुंडाळून बनविलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. मग ती फेकायची कशी? येथे वजन असते ते दोरीला. काठी दोरी फेकते आणि दोरीच्या टोकाचा बारीक तंगूस माशीला अलगद पाण्यावर नेऊन ठेवतो. म्हणून ही काठी प्रथम माशाच्या नव्हे, तर दोरीच्या मापाने निवडायची असते. ही एक गोष्ट नीट ध्यानी आली की यादीतले निम्मे प्रकार आपोआप गळून पडतात.

काठीवर जो क्रमांक छापलेला असतो तो दोरीचाच क्रमांक. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील साधन-उत्पादकांनी ठरविलेल्या पद्धतीनुसार दोरीच्या पुढच्या तीस फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या घरात सोन्याचे माप अजून तोळ्यात बोलले जाते, आणि जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. त्या हिशेबाने पाहिले तर तीन क्रमांकाची दोरी १०० ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडी अधिक. पाच क्रमांकाची १४० ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. सात क्रमांकाची १८५ ग्रेनची, म्हणजे तोळ्याला थोडी वर. माझी ती आठ क्रमांकाची काठी २१० ग्रेनची दोरी मागत होती. एवढ्याशा फरकाने काय होते, असे वाटेल. परंतु शांत पाण्यावर पाऊण तोळा उतरणे आणि सव्वा तोळा आपटणे यांतील अंतर मासा आपल्यापेक्षा लवकर ओळखतो.

आता नदी पाहू. ट्राउट हा हिमालयाचा मूळ रहिवासी नव्हे. एकोणिसावे शतक संपता संपता इंग्रजांनी युरोपातून त्याची अंडी आणवून प्रथम काश्मिरात आणि पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुलूच्या खोऱ्यात त्याची पैदास सुरू केली. थंड, स्वच्छ आणि वाहते पाणी असेल तेथेच तो टिकतो. तीर्थन ही बर्फाच्या पाण्याची, खडकाळ, मध्यम रुंदीची नदी. ती लार्जीजवळ बियासेच्या खोऱ्यात येऊन मिळते. तिच्यातील तपकिरी ट्राउट बहुधा वीतभर ते हातभर लांबीचा. त्याला लागणाऱ्या माश्या बारा ते सोळा क्रमांकाच्या, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या किंवा त्याहून लहान. टोकाचा तंगूस सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा. फेक वीस ते चाळीस फुटांची पुरते. आमच्या नर्मदेतला महसीर, ज्याला मध्य प्रदेशाने राज्यमत्स्याचा मान दिला आहे, त्याच्यासाठी आठ क्रमांक योग्य ठरेल. तीर्थनवर तो म्हणजे मोगऱ्याची कळी खुडायला कुऱ्हाड नेण्यासारखे होईल.

ह्या सर्वांचा मेळ घालून अनुभवी लोक ट्राउटसाठी ज्या एका काठीचे नाव घेतात, ती नऊ फूट लांबीची, पाच क्रमांकाची. तीनच्या नाजूक दोरीला वारा सुटला की पुढे जाणे जमत नाही आणि जराशी जड माशी पेलत नाही. सातला नाजूकपणा जमत नाही. पाच दोन्ही कामे पुरेशी करते. कोणत्याही एका कामात ती सर्वश्रेष्ठ नाही, हे आधीच मान्य करून टाकावे. अरुंद, झाडोऱ्याने झाकलेल्या ओढ्यावर साडेसात फुटांची काठी तिला मागे टाकील. मोठ्या सरोवराच्या वाऱ्यात सहा क्रमांकाची बरी ठरेल. परंतु ज्याला एकच काठी घ्यायची आहे त्याने सर्वोत्तमाच्या नादी लागू नये. कोठेही हात टेकायला लावणार नाही, अशी काठी त्याने घ्यावी.

लांबी नऊ फूटच का? लांब काठीने दोरी पाण्यावरून उचलून धरता येते. मधला प्रवाह वेगाचा आणि पलीकडचा डोह संथ असेल, तर प्रवाहावर पडलेली दोरी माशीला ओढत नेते. मासा फसत नाही. नऊ फुटांच्या टोकाने ती दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवता येते. मागच्या झुडपांवरूनही फेक सुखाने जाते. आता ह्या काठ्या चार तुकड्यांत मिळतात. प्रत्येक तुकडा सुमारे सव्वादोन फुटांचा, म्हणजे आगगाडीच्या बाकाखाली विनासायास मावणारा. ग्वाल्हेरहून निघणाऱ्या प्रवाशाला ही सोय लहान नव्हे.

यानंतर काठीचा स्वभाव. काही काठ्या फक्त शेंड्याशी वाकतात. त्यांना वेगवान म्हणतात. काही मुठीपर्यंत वाकतात, त्या संथ. दुकानात वेगवान काठ्यांचे फार कौतुक असते, कारण त्या दूर फेकतात. परंतु त्यांना अचूक वेळ साधणारा मनगटाचा सराव लागतो. शिवाय बारीक तंगूस तुटू न देण्याचे काम काठीच्या वाकण्यावर अवलंबून असते. मासा उसळी घेतो तेव्हा ताठ काठी तंगूस तोडते, वाकणारी काठी तो ताण पोटात घेते. चिरंजीव नवशिके असतील, तर मध्यापर्यंत वाकणारी, मध्यम स्वभावाची काठी मागावी. ती शिकताना क्षमा करते आणि शिकून झाल्यावर अपुरी पडत नाही.

पैशांचा हिशेब असा करावा. मध्यम किमतीची काठी, चांगली दोरी, साधे रीळ. ट्राउटच्या कामात रीळ हे बव्हंशी दोरी गुंडाळून ठेवण्याचे साधन आहे. त्यावर पैसा घालवू नये. दोरी मात्र तरंगणारी, पुढच्या भागात वजन असलेली, पाच क्रमांकाचीच घ्यावी. उंची काठीवर हलकी दोरी लावणे म्हणजे चांगल्या तंबोऱ्याला गंजलेल्या तारा चढविणे होय. दुकानात काठी नुसती हवेत हलवून पाहू नये. त्यातून काही कळत नाही. शक्य असेल तर दोरी ओवून, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, मोकळ्या हिरवळीवर तीस फूट फेकून पाहावी. तुकड्यांचे सांधे घट्ट बसतात का, कड्या एका रेषेत आहेत का, बुचाची मूठ हातात भरते का, एवढे तपासावे. आणि एक धोक्याची सूचना: हल्लीच्या काठ्या कार्बनच्या तंतूंच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा आकाशात गडगडाट होत असताना ती हातात उभी धरू नये.

आता आजेसासऱ्यांच्या काठीविषयी. ती बहुधा बांबूच्या सहा उभ्या चिरफळ्या एकत्र चिकटवून केलेली, षट्कोनी आकाराची असेल. ह्या कलेच्या आरंभी, एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्य कारागीर कलकत्त्याहून जाणारा बांबू वापरीत. पुढे चीनचा टोंकिन बांबू त्याहून सरस ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या, १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या आल्या, आणि बांबू मागे पडला. त्या काळी रेशमी दोऱ्या असत आणि त्यांची मापे जाडीवरून, अक्षरांत सांगत. म्हणून आजच्या क्रमांकाशी त्या काठीचा मेळ घालणे जाणत्याचेच काम आहे. जुना सरस ओलाव्याने सुटतो, धाग्यांची गुंडाळी ठिसूळ होते, पितळी सांधे सैल पडतात. एवढ्या वर्षांनी ती काठी बर्फाच्या पाण्यात नेणे म्हणजे तिला गमावण्याची तयारी ठेवणे होय. वजनही कार्बनच्या काठीहून पुष्कळ अधिक. दिवसभराच्या फेकीत ते मनगटाला जाणवेल.

म्हणून माझा सल्ला असा की, ती न्यावयाची नाही, आणि विकावयाचीही नाही. कापडी पिशवीत घालून, कोरड्या कपाटात उभी टांगून ठेवावी. भिंतीला टेकवून ठेवली तर ती कायमची वाकते. परंतु निघण्यापूर्वीच्या महिन्यात, सांधे आणि सरस शाबूत असतील तर, एखाद्या संध्याकाळी मैदानावर चिरंजीवांनी तिच्याने थोड्या फेकी करून पाहाव्यात. बांबूची काठी सावकाश वाकते. मागे गेलेली दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबल्यावाचून ती पुढची फेक देतच नाही. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक घाईची असते, आणि घाई मोडून काढायला त्या काठीसारखा गुरू नाही. जे शिकायचे ते पणजोबांच्या काठीपाशी शिकावे, आणि नदीवर आईने दिलेली काठी न्यावी.

दोन गोष्टी राहिल्या. हिमाचलात ट्राउटच्या विणीसाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. एप्रिलला अडचण नाही, मात्र मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा. पुढे उन्हाळा चढला की बर्फ वितळून पाणी गढूळ होते, म्हणून बेत लांबवू नये. दुसरी गोष्ट, पत्राच्या शेवटी भगिनींनी संकोचाने लिहिले आहे की घरात मासे शिजत नाहीत. त्यात अडचण काही नाही. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, मासा हाती घेण्यापूर्वी हात पाण्यात भिजवावा, आणि त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरून, बळ येताच सोडून द्यावे. अशा रीतीने मासे सोडून देणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांचा आनंद तिळमात्र उणा नसतो.

तर भगिनी, कागदाच्या एका चिठ्ठीवर एवढेच लिहून दुकानात जावे: नऊ फूट, पाच क्रमांक, चार तुकडे, मध्यम स्वभाव. दुकानदार दुसरे काही सुचवील. ऐकून घ्यावे आणि चिठ्ठी पुन्हा पुढे करावी. तुमच्या यजमानांनी दहा उन्हाळे मनात बाळगलेली नदी आहे ती. तिच्यावर पहिल्याच दिवशी काठीशी झगडण्यात वेळ जाऊ नये. चिरंजीवांनी परतल्यावर दोन ओळी कळविल्या, तर ह्या सदरात त्यांना आनंदाने जागा देऊ. मासा मिळाला की नाही, हे त्यांत नसले तरी चालेल.