आपले दप्तर आपल्या हाती

संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणजे नवलाईमागे धावणारा, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु त्यांतलेच काही जण आपली टिपणे साध्या मजकुराच्या फाईलीत लिहितात, स्वतःच्या डिस्कवर ठेवतात आणि दूरच्या कंपनीच्या फुकट कोठारावर विसंबत नाहीत. वडीलधारे यास हट्ट म्हणतात. आम्हांस ते शहाणपण वाटते. २०१३ साली गूगल रीडर बंद झाले, २०१४ साली ऑर्कुट. दोन्ही वेळा निर्णय मालकाचा होता, वापरणाऱ्यांचा नव्हे.

मराठी माणसाला तर हे घरचेच उदाहरण. ज्या त्या कंपनीच्या टंकात जुळविलेला जुना मजकूर आज उघडावा, तर तो टंक नसल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी आली खरी, पण जुन्या टंकांची सवय पुढे कित्येक वर्षे सुटली नाही.

स्वतः सांभाळायचे म्हणजे कष्ट आलेच. डिस्क बिघडते (त्यात आमची पावसाळी हवा!), म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवीच. आमच्या महाविद्यालयांनी, विद्यार्थ्याचा प्रकल्प कोणा एका कंपनीच्या आज्ञावलीवाचूनही उघडता यावा, एवढी अट घातली तरी पुष्कळ झाले.