जंत आणि गुळाचा खडा

"गोड खातो ना, म्हणून जंत झाले!" शिकल्यासवरल्या घरांतही हे वाक्य अजून बिनदिक्कत बोललं जातं. बोलणी मात्र बसतात पोराला.

मला सांगा, कोंबडीला पेढे कोण भरवतं? तिच्याही आतड्यात गोल जंत असतातच. कुत्रीच्या पिल्लांना तर ते जन्माआधीच, आईच्या पोटात मिळतात. त्यांनी गुळाचा खडा कधी चाटला?

माणसाच्या पोटातली गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती विष्ठेवाटे मातीत जातात, तिथे दोन-तीन आठवडे तयार होतात आणि मातीच्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून पुन्हा तोंडात येतात. दोष आहे उघड्यावरच्या घाणीचा. ते बोलायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण लाडवाला धरतो.

२०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळू लागली. उत्तमच झालं! पण गोळी पोटातले जंत मारते; मातीतली अंडी वर्षानुवर्षं तशीच टिकतात. शाळेच्या संडासात पाणी नाही, नळापाशी साबण नाही, मग त्या पोराच्या अंगी खाल्लेलं लागणार कसं?

तेव्हा मंडळी, पोराच्या हातातला खाऊ काढून घेण्याआधी एकदा शाळेतला नळ सोडून बघा. पाणी आलं नाही, तर पोराला रागावू नका. ग्रामसभेत उभं राहून विचारा.