‘नको’ म्हणण्याची रीत

गेल्या श्रावणात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा आमगावकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्यांची माळ, हल्ली पुण्यात इंजिनियर. कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी जपानला धाडले होते.

“सर, पुढच्या शुक्रवारी साहेबांनी माझ्या स्वागताचे जेवण ठेवले आहे. मी मासे-मटण खात नाही, दारू घेत नाही. तोंडावर ‘नको’ म्हटले तर त्यांना काय वाटेल? मित्र म्हणतो, अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांग आणि मोकळा हो.”

मराठीच्या प्राध्यापकाला हे कशाला विचारायचे, असे वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आले. पण ‘नको’ कसे म्हणावे हा अखेर भाषेचाच प्रश्न. आणि त्या परीक्षेत मी एकदा साफ नापास झालेलो आहे.

त्याला वीस वर्षे झाली. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन आम्ही नवेगावबांधच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो होतो. शेवटच्या रात्री गावच्या एका प्रतिष्ठित घरी जेवण होते. पान वाढले गेले आणि पाहतो तो मासळीचा रस्सा! “मी हे खात नाही,” असे म्हणून मी ताट दोन बोटे पुढे सरकवले. घरच्या काकू गोंधळून म्हणाल्या, “पण सर, हे मटण नाही, मासळी आहे!” सर मटण खात नाहीत, एवढेच कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. म्हणून मुद्दाम माणूस पाठवून गावच्या मामा तलावातली ताजी मासळी आणवली होती. मी मिठाशी भात खाल्ला. नियम पाळल्याचे समाधान मला मिळाले. पण त्या बाईंनी पुन्हा काही वाढायला माजघराबाहेर पाऊल टाकले नाही.

जपानातही नेमकी हीच गफलत होते. तिथे इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसाला वर्षातले काही महिने बंदी केली. पुढे बौद्ध आचाराच्या प्रभावाने मांस मागे पडत गेले. १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, ती त्या देशात मोठी बातमी ठरली. पण या साऱ्या काळात मासा ताटात होताच. तेव्हा ‘मी मांस खात नाही’ हे ऐकून जपानी यजमानाने मासा पुढे केला, तर त्याचे काय चुकले? आणि मासा दिसतो तेवढाच असतो असेही नाही. बोनिटो नावाचा मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याच्या किसाचे पाणी, म्हणजे ‘दाशी’, सुपात, भाजीत, शेवयांच्या रश्शात, सगळीकडे असते.

म्हणून मी त्याला म्हटले, “बाबा रे, पानावर बसून नियम सांगू नकोस. अशा मेजवानीची व्यवस्था पाहणारा एक जण असतो. त्याला म्हणतात ‘कान्जी’. (आपली कांजी निराळी!) त्याला आजच गाठ. मांस नाही, मासा नाही, माशाची दाशीही नाही, असे स्पष्ट सांग. आणि त्रासाबद्दल आधीच क्षमा माग. कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची नाहीतर अळंब्यांची दाशी होते. तिथल्या बौद्ध मठांतला शाकाहारी स्वयंपाक तिच्यावरच चालतो. पेल्यात चहा घे, पण सर्वांबरोबर उचल. शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला तर तो तू भर. अ‍ॅलर्जीचे मात्र बोलू नकोस. त्या शब्दाने स्वयंपाकी जिवाच्या धास्तीने राबेल, आणि ज्याला खरीच अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शब्दाची किंमत तू उणी करशील.”

आठवड्याने पुन्हा फोन आला. त्याच्यासाठी वेगळे ताट आले होते. पोट काही भरले नाही, खोलीवर येऊन त्याने चिवडा खाल्ला. पण साहेबांनी गळ्यातल्या माळेची चौकशी केली आणि ह्याने त्यांना पंढरीच्या वारीची हकीकत सांगितली. उठताना सर्वांबरोबर तो ‘गोचिसोसामा’ म्हणाला.

मी त्या शब्दाचा अर्थ शोधला. जेवण झाल्यावर म्हणायचा हा आभाराचा शब्द. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावाधाव. माझ्या पानासाठी तुमची किती धावपळ झाली! मला एकदम तो मामा तलाव आठवला. मासळी नाकारली याचे मला आजही वाईट वाटत नाही. धावपळ नाकारली, याचे वाटते.

परवा धीर करून त्या घरी फोन लावला. म्हटले, “काकू, दिवाळीनंतर येतो आहे. मासळी मात्र खात नाही हो.”

पलीकडे हसू आले. “माहीत आहे, सर. तेव्हाच आधी सांगितलं असतं, तर पातोडीची भाजी केली असती!”